वहिनीला मी ‘काही होत नाही’ म्हणाले

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूरमध्ये दर महिन्याला कुठल्या तरी जुन्या इमारतीवर नव्या खात्याची पाटी चढायची. भोपाळहून ट्रकने फाइलींचे गठ्ठे आले होते. ते ठेवायला जागा नव्हती आणि उघडायला माणसं नव्हती. मग माणसं घेणं सुरू झालं, आणि अशाच एका संचालनालयात माझ्या वहिनीला कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम मिळालं. काम कंत्राटी होतं, पण आमच्या घरात त्याचं फार कौतुक झालं. आर्वीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली ही मुलगी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरातून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडू लागली.

घरात आम्ही चौघं होतो. आई, रेल्वेत नोकरीला असलेला दादा, वहिनी आणि मी. बाबाही रेल्वेतच होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही गोंदियाहून इथे आलो आणि ते गेल्यावर इथेच राहिलो. मी एका खासगी शाळेत पी.टी. शिकवत होते. लग्न झालं नव्हतं. वहिनी माझ्याहून वर्षभराने मोठी. आईसमोर ती मला ताई म्हणून अहोजाहो करायची. आम्ही दोघीच असलो की सरळ ‘तू’ आणि ‘काय वं’.

मला एका गोष्टीचा फार तोरा होता. कॉलेजात असताना मी उत्तरेत जाऊन डोंगर चढण्याचा महिनाभराचा कोर्स करून आले होते. रायपूर सपाट गाव. तिथे कमरेला दोर बांधून कडा उतरणारी मुलगी म्हणजे नवलच. पेपरात फोटो आला होता. पुढे आम्ही पाच जणांनी मिळून शाळांना, ऑफिसांना साहस शिबिरं घेऊन द्यायला सुरुवात केली. पाचात बाई मी एकटी. शिबिरात मोठमोठ्या पदांवरच्या बायका मला ‘दीदी, दीदी’ म्हणत मागे फिरायच्या. घरी मात्र या सगळ्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. आईला वाटायचं, यामुळेच माझं लग्न लांबतंय. विचारायची ती फक्त वहिनी. कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणायची, “वरून खाली पाहिलं तर पोटात गोळा येत अशीन ना वं?” मग मी रंगवून सांगायची.

त्या वर्षी जानेवारीत वहिनीच्याच खात्याने महिला कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर ठरवलं आणि दोराचं काम आमच्याकडे आलं. तिच्या वरिष्ठ मॅडमनी यादीत सगळ्यात वर वहिनीचं नाव लिहिलं, कारण तिची नणंदच शिकवणार होती. वहिनी हरखून गेली. सदर बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट घेऊन आली. लेसचे बूट तिने आयुष्यात कधी घातले नव्हते. लेस कशी बांधायची ते मी तिला शिकवलं. दादाने हसत हसत परवानगी दिली. आईला सांगितलं, ऑफिसचं प्रशिक्षण आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. वहिनी एकदम थांबली.

“ताई, एक विचारू? हसजो नको.”

“बोल ना.”

“मले नऊ दिवस वर झाले.”

मी तिच्याकडे बघितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आई प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाहून आल्यावर काहीतरी बोलायचीच. त्याच्या आदल्या वर्षी वहिनीची पाळी दहा दिवस पुढे गेली तेव्हा तिने भाबडेपणाने आईला सांगितलं होतं. आईने त्याच संध्याकाळी मोहल्ल्यात पेढे वाटले. बाराव्या दिवशी पाळी आली. त्यानंतर महिनाभर शेजारच्या बायका वहिनीला विचारत होत्या, काय झालं, कसं झालं, आणि ती विहिरीत ढकलल्यासारखं तोंड करून उत्तरं देत होती. म्हणून या वेळी तिने दादालाही सांगितलं नव्हतं.

“मेडिकलमधून कार्ड आणू का? तपासून बघू.”

“इथचा मेडिकलवाला आईले ओळखते.”

“सदर बाजारातून आणते.”

“आल्यावर पाहू. या बारीनं बी फुसकंच निघीन.” तिने हातातला टॉवेल झटकला. मग हळूच म्हणाली, “दोरीवरून उतरलं तर काही होते का वं?”

मला माहीत नव्हतं. महिनाभराच्या कोर्समध्ये याविषयी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आम्ही पाच जणांनी शिबिरासाठी जो फॉर्म तयार केला होता त्यात हृदयविकार होता, दमा होता, फिट येतात का होतं. गरोदर आहात का, हा प्रश्नच नव्हता. तो घालायचं चार पुरुषांना सुचलं नाही आणि मलाही नाही. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणायचं होतं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता.

मी म्हणाले, “काही होत नाही.”

“पक्कं?”

“अगं, आमच्या कोर्समध्ये एक होती. दोन महिने झाले होते तिला. सगळं केलं तिने, चढली, उतरली. आता चांगली मुलगी आहे तिला.”

अशी कुणीच नव्हती. ती बाई माझ्या तोंडून त्या क्षणी जन्माला आली, मुलीसकट. का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. वहिनीने यावं असं मला वाटत होतं, हे तर होतंच. घरातल्या एका तरी माणसाने मला त्या कड्यावर, सगळ्यांच्या पुढे उभी असलेली बघावं असं वाटत होतं. आणि जे मला माहीत असायला हवं ते माहीत नाही, हे कबूल करायची मला सवय नव्हती.

वहिनीचा चेहरा उजळला. “मंग चालते,” ती म्हणाली आणि उरलेले कपडे भराभर काढू लागली.

शिबिर शहरापासून दोन-अडीच तासांवर, एका धरणाच्या काठच्या टेकडीपाशी होतं. तीस-पस्तीस बायका. पहिला दिवस चालण्यात आणि गाठी शिकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कडा. साठेक फुटांचा असेल. खाली आमच्यातला एक जण दोर ताणून धरायला उभा, वर मी. कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधायचा, त्यात दोर अडकवायचा, पाठ दरीकडे करून पाय खडकावर रोवत मागे मागे जात उतरायचं.

वहिनीचा नंबर सातवा-आठवा होता. साडीवाली वहिनी त्या दिवशी सलवार-कुर्त्यात होती. मी तिचा पट्टा आवळू लागले तेव्हा ती कानाशी म्हणाली, “जरा सैल बांध ना वं. पोटाले गच्च होऊन राहिलं.”

“सैल बांधता येत नाही. निसटशील.”

हे खरं होतं. पट्टा सैल ठेवता येत नाही. त्या क्षणी दुसरंही एक करता आलं असतं, तो सोडून टाकता आला असता. माझे हात पट्ट्यावर होते. पण मागे रांग होती, मॅडम कॅमेरा घेऊन उभ्या होत्या, आणि वहिनीचे डोळे लकाकत होते. मी पट्टा ओढून बसवला आणि तिला कड्यावर उभं केलं.

अर्ध्यापर्यंत ती छान उतरली. मग तिचा डावा पाय घसरला, ती दोरावर आडवी फिरली आणि कमरेच्या बाजूने खडकावर आपटली. आवाज वरपर्यंत आला. खालच्याने दोर घट्ट धरला होता, त्यामुळे ती पडली नाही. दोन-तीन क्षण लटकत राहिली, मग पाय रोवले आणि उतरली. खाली पोचल्यावर तिने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने हसली. आमच्या घरात तीन वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

दुपारी ती परत वर आली. “अजून एक डाव,” म्हणाली. मी पुन्हा पट्टा बांधला.

घरी आल्यावर मी कार्ड आणायचं विसरले. शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. वहिनीनेही आठवण केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आई देवळात गेली होती, दादा ड्यूटीवर. मी शाळेला निघत होते तर न्हाणीघरातून वहिनीची हाक आली. दार थोडं उघडं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती.

“ताई, लाल दिसून राहिलं.”

“पाळीच असेल.”

“नाई. पाळीसारखं नाई हे.”

मी रिक्षा बोलावली. दवाखाना जवळच होता, पण वाटेत गटाराच्या कामासाठी रस्ता उकरला होता आणि रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती. वहिनीने माझा दंड धरला होता. मी रिक्षावाल्याला सारखी सांगत होते, “भैया, धीरे.” एकदा वाटलं, हे सावकाश जाणं मला आता सुचतंय.

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, हिंदीत बोलायच्या, कमी बोलायच्या. लघवी तपासली, सोनोग्राफी केली. मग म्हणाल्या, दिवस गेले आहेत. गर्भाभोवतीची पिशवी दिसते आहे, पण तारखेच्या मानाने लहान आहे. ठोके अजून दिसत नाहीत. कदाचित तारीख चुकली असेल, कदाचित नसेल. दहा दिवसांनी परत बघू. तोवर आराम करा, रक्त वाढलं तर लगेच या.

“कुठे पडलात, आपटलात का?” त्यांनी विचारलं.

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, “नाही.”

दिवस गेले हे आता घरात सांगावंच लागलं. आई आधी रडली, मग देवापुढे दिवा लावला, मग वहिनीच्या उशाशी येऊन बसली आणि एकेक विचारू लागली. पपई खाल्ली का? स्कूटरवर बसली का? जड उचललं का? शेवटी म्हणाली, “त्या शिबिरात काय केलं तू?”

“काही नाई, आई. खालीच बसून होती मी. ताईंनी मले काही करूच नाई दिलं.”

मी दारात उभी होते. आई वळून माझ्याकडे बघून म्हणाली, “बरं केलं वं बाई.” मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते आता सांगता येत नाही, पण हलवली.

ते दहा दिवस मी शाळेतून सरळ घरी यायची. वहिनी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. रक्त कधी थांबायचं, कधी थेंबथेंब यायचं. मी चहा घेऊन गेले की ती रोज एकच विचारायची. “ताई, त्या कोर्सवालीले बी असं झालं होतं का?”

पहिल्या दिवशी मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

तिसऱ्या दिवशी म्हणाले, “थोडं झालं होतं वाटतं.”

म्हणजे एकदा खोटं बोलून मी थांबले नाही. तिला धीर यावा म्हणून मी ती खोटी बाई आजारी पाडली आणि बरीही केली. वहिनी तेवढ्यावर चहा प्यायची. खोलीबाहेर येऊन मी जिन्यात बसून राहायची.

दहाव्या दिवशी दादाही सोबत आला. सोनोग्राफीत पिशवी तेवढीच होती. ठोके नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. तिने फक्त कुर्ता खाली ओढला. दुसऱ्या दिवशी गर्भपिशवी साफ करावी लागली.

वहिनी गुंगीत होती आणि दादा औषधं आणायला गेला होता तेव्हा मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. त्यांना सगळं सांगितलं. दोर, पट्टा, घसरणं, आपटणं, पुन्हा उतरणं.

त्यांनी चष्मा काढला. “हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“घाबरले होते. मॅडम, त्यामुळेच झालं का?”

त्यांनी वहिनीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “एवढ्या लवकर जातं त्यातलं बहुतेक मुळातच नीट जुळलेलं नसतं. ते वाढतच नाही. हिचं पहिल्या तपासणीतही मागेच होतं. आणि सहाव्या आठवड्यात गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत असतं, कमरेला बाहेरून लागलं म्हणून सहसा जात नाही. आपटण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. झालंच नाही असंही छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही.”

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी उठले.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अर्धंच ऐकून चालल्या आहात. ती मला विचारायला आली असती तर मी तिला जाऊ दिलं नसतं. चाला, फिरा, जिने चढा म्हटलं असतं. पण उंचावरून पडायचं भय आहे, पोटाला धक्का बसू शकतो, कमरेला पट्टा आवळायचा, आणि काही झालं तर दवाखाना दोन तास दूर, अशा ठिकाणी नाही. दोर तुटला असता तर? ती नीट खाली पोचली हे तुमचं नशीब. तेव्हा जे झालं ते तुमच्यामुळे झालं की नाही, हा एक प्रश्न. तुम्ही जे सांगितलं ते बरोबर होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा मिटत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं तर दहा मिनिटं चालत का नाही आलात?”



आठवड्याने वहिनीच्या ऑफिसातल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. ताप आहे एवढंच कळलं होतं. वहिनीला बरं वाटावं म्हणून त्या शिबिराचे फोटो धुऊन आणले होते. आईच्या हातात पाकीट दिलं. “बघा, किती हिंमतवाली आहे तुमची सून.” पहिल्याच फोटोत वहिनी कड्याच्या मधोमध दोरावर होती.

आईने फोटो पाकिटात परत ठेवला. चहा केला, दारापर्यंत सोडायला गेली. मग आत येऊन फोटो वहिनीच्या पांघरुणावर टाकला.

“खाली बसून होती म्हणे!”

दादा घरीच होता. त्याने फोटो उचलून बघितला. “तुले माहीत होतं? दिवस वर गेले हे माहीत असून तू गेली?”

वहिनीने पांघरूण वर ओढलं. मग मी बोलले. “तिने मला विचारलं होतं, दादा. काही होत नाही, असं मी सांगितलं. पट्टा मी बांधला.”

मला वाटलं, आता माझ्यावर येईल, आणि खरं सांगते, ते यावं असं मला मनापासून वाटत होतं. आई माझ्याकडे बघूनही न बघितल्यासारखी म्हणाली, “तू कुवारी पोट्टी. तुले काय समजते त्यातलं? समजायला पाहिजे होतं इले.”

“आई, ती मला विचारायला आली होती!”

“तुले काहून विचारलं? मी मेली होती का?”

मी डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं तेही सांगायला लागले. जे वाढत नव्हतं ते वाढलंच नसतं, असं सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. दादा चप्पल घालून बाहेर गेला. माझ्या कबुलीने वहिनीच्या डोक्यावरचं तसूभरही कमी झालं नाही. लग्न न झालेली मुलगी निर्दोष, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. पुढचे दिवस आई माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, मला गरम पोळ्या वाढत होती, आणि वहिनीचं ताट झाकून ठेवत होती.

चार दिवसांनी दुपारी मी वहिनीच्या खोलीत गेले आणि सांगितलं, “वहिनी, ती कोर्समधली बाई. अशी कुणी नव्हती. मी खोटं बोलले होते.”

वहिनी माहेरी जायला पिशवी भरत होती. हातातला ब्लाउज तिने हळूहळू घडी केला.

“तिले पोट्टी झाली म्हणाली होती तू.”

“ते पण खोटं.”

“मी तिलेच आठवून पडली राहत होती,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “रक्त दिसलं तवा बी म्हटलं, तिचं राहिलं ना, मंग माह्यं काहून नाई राहीन? तिचं नाव काय अशीन, तेही मनात ठरवलं होतं मी.”

“वहिनी, मला माफ कर.”

“उतरली ते मी उतरली. त्याचं मी तुले काही म्हणत नाई. दुसऱ्या डावाले बी मीच आली होती.” तिने पिशवीची चेन लावली. “पण हे काहून केलं वं तू?”

त्याच संध्याकाळच्या गाडीने ती आर्वीला गेली.

दोन महिने ती तिकडेच होती. दादा एकदाही गेला नाही. मार्चच्या शेवटी तिच्या ऑफिसातून पत्र आलं: कंत्राट पुढे चालू ठेवायचं तर अमुक दिवसांत येऊन सही करावी. आईने ते वाचलं आणि देवघराच्या खणात ठेवलं. “आता काय करायची नोकरी,” म्हणाली. दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मीही दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना एसटीडी बूथवर थांबले आणि तिच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. तिला बोलवायला दहा मिनिटं लागली.

“वहिनी, ये. सही करावी लागते. शुक्रवार शेवटचा दिवस आहे.”

“त्यायनं सांगितलं फोन कराले?”

“नाही. मीच करतेय.”

पलीकडे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग म्हणाली, “पत्रावर काय लिहिलं हाये ते वाचून दाखव. जसं हाये तसं.”

पत्र देवघरात होतं. मी घरी गेले, आई झोपली होती, खणातून पत्र काढलं, परत बूथवर येऊन पुन्हा फोन लावला आणि शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ती गुरुवारी आली. स्टेशनवरून सरळ ऑफिसात गेली, सही केली, मग घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि घर परत चालू झालं. दादाला जास्त दिवस लागले.

शिबिरं मी सोडली नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न आला, आणि वर कड्यापाशी प्रत्येकीला मी बाजूला घेऊन तोंडानेही विचारू लागले. एकदा एका शाळेतल्या शिक्षिकेने हळूच सांगितलं की पंधरा दिवस वर झालेत, पण काही होत नाही ना? मी म्हणाले, मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी पट्टा बांधणार नाही. ती चिडली. सगळ्यांसमोर तिला बाजूला बसावं लागलं, आणि ती का बसली हे बाकीच्यांनी ओळखलं. तिचं गुपित माझ्यामुळे फुटलं. परतताना ती बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. आपण बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं, पण त्या दिवशीही मला बरं वाटलं नव्हतं.

वहिनीला पुढे दिवस राहिले ते चार वर्षांनी. तोपर्यंत ती नोकरीत कायम झाली होती. मला कळलं तेव्हा पाचवा महिना चालू होता. माझं लग्न होऊन मी भिलाईला गेले होते. आईने फोनवर सहज सांगितलं, तुला माहीतच असेल असं धरून. मी वहिनीला फोन केला, अभिनंदन केलं. ती नीट बोलली, तब्येत, ऑफिस, उन्हाळा. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही.

मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी चार दिवस राहायला गेले. वहिनी बाळाला पाजून उठली होती. बाळाच्या लस टोचलेल्या जागी गाठ आली होती आणि ती काळजीत होती. दादा ड्यूटीवर, आईचे गुडघे धरलेले. वहिनी माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिने मला कशाबद्दल काही विचारलं नव्हतं.

“ताई, दवाखान्यात जाऊन येशीन का? विचार, हे असं राहते का, शेकायचं का नाई.” मी ओढणी घेऊन निघाले तर दारातून तिने पुन्हा हाक मारली. “आणि डॉक्टर जे सांगतीन ते कागदावर लिहून आण. त्यायच्याच हातानं.”

मी हो म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती, तासभर बाकावर बसले. नंबर आला तेव्हा डॉक्टरांना आधी गाठीचं सांगितलं आणि मग म्हणाले, काय करायचं ते जरा तुमच्याच हाताने लिहून द्याल का?